शिल्पकार नानासाहेब करमरकर : आपल्याच जिल्ह्यातला माणूस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं चिटणिसांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बँकेतल्या आठवणी होत्या. पण व्याजाचे दर आणि तपासणीचे किस्से रौप्यमहोत्सवी अंकात कोण वाचणार? त्यापेक्षा गेलं वर्षभर डोक्यात घोळत असलेला एक विषय लिहितो.

गेल्या गणेशोत्सवात सोसायटीत मुलांची चित्रकला स्पर्धा झाली, ती आपल्याला आठवत असेल. परीक्षक म्हणून मला बसवलं होतं. मला चित्रातलं काय कळतं हे कुणी विचारलं नाही. निवृत्त माणूस मोकळा असतो आणि बँकेतला माणूस गुण देताना पक्षपात करणार नाही, एवढ्यावरच निवड झाली असावी. विषय मुक्त होता. कागद गोळा करून पाहतो तर बहुतेकांवर एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाकडी नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. मी लहानपणी हेच काढत होतो, माझ्या मुलांनीही हेच काढलं. काहींनी मोबाइलवरून कार्टून उतरवलं होतं. गडबमध्ये राहणाऱ्या एकाही मुलाने आपली खाडी काढली नव्हती, खाडीतून जाणारं बार्ज काढलं नव्हतं, खारबंदिस्तीवर उभा असलेला बगळा काढला नव्हता. डोलवीच्या कारखान्याचं धुराडं तर रोज खिडकीतून दिसतं. तेही कुणाला चित्रात घ्यावंसं वाटलं नाही.

आणि सातवीतल्या एका मुलीने कोरा कागद दिला. तिला काहीच सुचलं नव्हतं. कोऱ्या कागदाला शून्य गुण मिळतात, असं मी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं. चाळीस वर्षांची कारकुनी सवय, दुसरं काय! घरी आल्यावर मात्र ते मला लागून राहिलं. सगळ्या कागदांत तोच एक कागद प्रामाणिक होता असं वाटायला लागलं. सुचत नाही म्हणजे नेमकं काय होतं आणि ज्यांना सुचतं त्यांना ते कुठून सुचतं, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वडखळहून धरमतरचा पूल ओलांडायचा, पोयनाड मागे टाकायचं आणि अलिबागच्या अलीकडे मांडव्याच्या वाटेला लागायचं. समुद्राच्या कडेला सासवणे नावाचं गाव लागतं. विनायक पांडुरंग करमरकर हे त्या गावचे. लोक त्यांना नानासाहेब म्हणत.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ चा. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली आलं. घर ब्राह्मणाचं, साधं. वडील गणपतीच्या मूर्ती करायचे. आपल्यासारख्या पेणच्या शेजाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हमरापूर, जोहे या बाजूला गेलं की वर्षभर घराघरांतून गणपती मांडलेले दिसतात. आज तिथे बरंचसं काम साच्यातून आणि प्लास्टरमध्ये होतं. त्या काळी शाडूची माती, पाणी आणि हाताची बोटं एवढाच कारखाना होता.

मी पेणच्या एका शाखेत असताना मूर्तिकारांना हंगामी कर्जं द्यायचो आणि माल मोजायला कारखान्यात जायचो. तेव्हा एक गोष्ट पाहिलेली आहे. गणपती तोच असतो. चार हात, सोंड, मोदक, उंदीर. यात बदल करायला फारशी मोकळीक नाही. तरीही जुना कारागीर असेल तर एकासारखा दुसरा होत नाही. एकाचे डोळे थोडे मिटल्यासारखे होतात, एखाद्याच्या सोंडेला जरा जास्त वळण मिळतं. कारागिराला विचारलं तर तो मुद्दाम काही केल्याचं कबूल करत नाही. हात चालता चालता ते होऊन जातं. करमरकरांचं पहिलं शिक्षण हे असं झालं. कल्पना सुचायची वाट पाहत बसण्याची चैन त्या घरात नव्हती. भाद्रपद जवळ आला की मूर्ती तयार व्हायलाच हवी. मुलाच्या हातात माती आधी आली, कल्पना मागून आली.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध हकिकत भिंतीची आहे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. आता हे चित्र त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं, विषय मुक्त की सक्तीचा हा प्रश्नच नव्हता. रिकामी भिंत होती आणि मनात महाराज होते. लहानपणी आपण सगळ्यांनीच महाराजांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. या भागात तर खांदेरी-उंदेरी समोर समुद्रात दिसतात आणि अलिबागला कुलाबा किल्ला पाण्यात उभा आहे. सासवण्याच्या मुलाला इतिहास पुस्तकात शोधावा लागत नव्हता. तो किनाऱ्यावर उभा राहिला की दिसत होता.

त्या सुमारास ऑटो रॉथफील्ड नावाचे इंग्रजी राजवटीतले आय.सी.एस. अधिकारी जिल्ह्यात होते. फिरतीवर असताना त्यांनी ते चित्र पाहिलं, कुणी काढलं म्हणून चौकशी केली आणि पोराला समोर आणवलं. गावकऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार! साहेबाने देवळाची भिंत रंगवणाऱ्या पोराला बोलावलं म्हणजे दंड नाहीतर छड्या, दुसरं काय होणार? पण साहेब रसिक निघाला. त्याने मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवण्याची व्यवस्था केली. मला या गोष्टीत त्या साहेबाचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणाने. फिरतीवरच्या अधिकाऱ्याला शेतसारा, दप्तर, तक्रारी बघायच्या असतात. भिंतीकडे बघणं त्याच्या कामात बसत नाही. मीही आयुष्यभर खेडोपाडी फिरती केली, पण एकाही देवळाची भिंत नीट पाहिल्याचं मला आठवत नाही.

जे. जे. स्कूलमध्ये तेव्हाचं शिक्षण विलायती पद्धतीचं होतं. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवायच्या आणि त्या जशाच्या तशा उतरवायच्या. आजची मंडळी या पद्धतीला नावं ठेवतात. पण त्याच शाळेतून करमरकरांच्या आधी गणपतराव म्हात्रे बाहेर पडले होते आणि त्यांनी विद्यार्थिदशेतच १८९६ साली ‘मंदिरपथगामिनी’ घडवली होती. देवळाकडे निघालेली नऊवारीतली मराठी स्त्री. ग्रीक देवतांच्या नकला करता करता या माणसाला आपल्या घरातली बाई दिसली, हे लहान नाही. करमरकर त्याच वाटेवरचे पुढचे. शाळेत त्यांनी मेयो पदक मिळवलं.

शिक्षण संपलं आणि नेहमीचा प्रश्न आला. पोट कसं भरायचं? शिल्पाला भांडवल लागतं हे कर्ज खात्यात काम केलेल्या माणसाला लगेच कळतं. चित्रकाराचं कागद-रंगांवर भागतं. शिल्पकाराला जागा हवी, माती हवी, लोखंडी सांगाडा हवा, मदतनीस हवेत, ओतकामाचा खर्च हवा. आणि गिऱ्हाईक पैसे देणार काम झाल्यावर. अशा वेळी करमरकरांना आधार मिळाला तो सुरेंद्रनाथ टागोरांचा. हे रवींद्रनाथांचे पुतणे, सत्येंद्रनाथांचे चिरंजीव. सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय.सी.एस.; त्यांची बरीचशी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली, त्यामुळे त्या घराला मराठी माणूस परका नव्हता. सुरेंद्रनाथ स्वतः सहकारी तत्त्वावरच्या विमा संस्थेच्या उभारणीत होते, म्हणजे आपल्यातलेच म्हणायला हरकत नाही. त्यांच्या मदतीने करमरकर कलकत्त्याला गेले आणि तिथे त्यांनी स्टुडिओ थाटून नाव कमावलं.

कलकत्ता तेव्हा नव्या भारतीय कलेचं माहेरघर. तिथून ते १९२० साली लंडनला गेले आणि रॉयल अकॅडमीत शिकले. तीनेक वर्षं त्यांनी तिकडे काढली. युरोपातली मोठी शिल्पं पाहिली, ब्राँझचं ओतकाम कसं होतं ते पाहिलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाश्चात्त्य पद्धतीची संपूर्ण तयारी होती. हुबेहूब माणूस उभा करण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते.

माझ्या मनात आता एक गोष्ट येते. मुंबई, कलकत्ता, लंडन करून आलेल्या माणसाला विषय कुठले सुचायला हवेत? विलायतेतले सुचले असते तरी कुणी दोष दिला नसता. पण त्यांच्या गाजलेल्या शिल्पांपैकी एक ‘शंखध्वनी’ आहे. शंख फुंकणारी स्त्री. आपल्याकडे शंख फुंकणं हे बहुधा पुरुषाचं, पुजाऱ्याचं काम. बंगालात मात्र तिन्हीसांजेला घरची बाई शंख फुंकते. करमरकर त्या मुलखात राहिले होते. त्यांनी या जोडणीबद्दल काय सांगितलं होतं हे माझ्या वाचनात नाही, पण मला स्वतःला हा कलकत्त्याच्या एखाद्या संध्याकाळचा ठेवा वाटतो. कुठे तरी ऐकलेलं, पाहिलेलं, मनाच्या माळ्यावर टाकलेलं, आणि वेळ आली तेव्हा खाली काढलेलं.

आता घोड्याकडे येतो.

पुण्यात शिवाजी महाराजांचं भव्य स्मारक व्हावं ही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची इच्छा. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली. पण पुढे अडचणीच अडचणी. १९२२ साली शाहू महाराज गेले. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी भार घेतला होता, ते १९२५ साली गेले. काम रखडलं. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या पुढाकाराने ते पुन्हा उभं राहिलं आणि अश्वारूढ पुतळ्याचं काम विनायकराव करमरकरांकडे आलं. वय होतं पस्तिशीच्या आसपास. एवढा मोठा पुतळा त्यांनी आधी केलेला नव्हता, आणि वेळ कमी होती.

घोड्यावरचा पुतळा म्हणजे शिल्पकाराची परीक्षा समजतात. माणूस आणि जनावर दोन्ही जिवंत वाटले पाहिजेत, आणि सगळा भार घोड्याच्या बारीक पायांवर तोलला पाहिजे. आधी लोखंडाचा सांगाडा, त्यावर मणांनी माती. मातीचा पुतळा मनासारखा झाला की त्यावरून प्लास्टरचा साचा. त्यावरून ओतकामाचा साचा. मग तांबं आणि कथील यांचा रस हजार अंशांच्या वर तापवून त्यात ओतायचा. कुठे हवा अडकली, रस मध्येच गार झाला, तर सगळ्या महिन्यांची मेहनत पाण्यात. आणि पुतळा केवढा, तर सुमारे साडेतेरा फूट उंचीचा आणि कित्येक टन वजनाचा. नेहमीच्या ओतशाळांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. म्हणून ओतकाम झालं माझगाव गोदीत, जिथे जहाजांचे अवजड भाग ओतले जात. पुतळा रेल्वेने पुण्याला नेताना घाटातल्या बोगद्यांची उंची लक्षात घेऊन वाघिणीची खास सोय करावी लागली, आणि वाटेत स्टेशनांवर लोक जयजयकार करत दर्शनाला येत होते, असं सांगतात. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं. पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. पुण्याला गेलात तर जरूर बघा. माझ्या मुलीचं घर तिथून जवळ आहे, त्यामुळे मी तो पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. घोडा उधळलेला नाही आणि महाराजांच्या चेहऱ्यावर आवेश आणलेला नाही. मला हेच आवडतं.

कलेतलं फारसं न कळणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही यात एक गोष्ट दिसते. सासवण्याच्या भिंतीवर पोरवयात काढलेलं चित्र आणि पुण्याचा पुतळा, विषय एकच. घोड्यावरचे महाराज. मधल्या वीसेक वर्षांत मुंबई झाली, कलकत्ता झालं, लंडन झालं. काम आलं तेव्हा त्या माणसाला कल्पना नव्याने शोधायची नव्हती. ती त्याच्यापाशी भिंतीच्या दिवसांपासून होती. तेव्हा ती कोळशाने किंवा गेरूने जेवढी उतरली तेवढी उतरली. ब्राँझमध्ये उतरवण्याइतका हात मात्र त्याला मधल्या वर्षांत कमवावा लागला. बँकेच्या भाषेत बोलायचं तर ठेव लहानपणीच ठेवलेली होती, मुदत भरायला वेळ लागला.

या पुतळ्यानंतर करमरकरांचं नाव सर्वदूर झालं. नेते, संस्थानिक, धनिक यांचे पुतळे करून घ्यायला लोक येऊ लागले. मुंबईत त्यांचा जम बसला. अशी सांगून आलेली कामं हा शिल्पकाराचा पगार. त्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. मोठ्या माणसांचे पुतळे चौकाचौकांत असतातच. पण त्यांनी कुणी न सांगता जी कामं केली ती पाहायची तर सासवण्यालाच जावं लागतं.

तिथे त्यांनी समुद्रकाठी घर बांधलं. त्या घरातच आज त्यांचं शिल्पसंग्रहालय आहे. त्यांच्या माघारी त्यांच्या सुनेने ते निगुतीने जपलं. आत शिरताना वाटतं की आता राजे-महाराजे दिसणार. दिसतात तेही. पण जास्त करून आपलीच माणसं भेटतात. कोळीण आहे. अंगमेहनत करणारा गडी आहे. घरातली माणसं आहेत. कुत्रा आहे. म्हैस आहे. बरीच कामं सिमेंटची. ब्राँझ आणि संगमरवर महाग, त्याला गिऱ्हाईक लागतं; सिमेंट स्वस्त आणि खाऱ्या वाऱ्यात टिकणारं. स्वतःच्या समाधानासाठी काम करायचं तर ते परवडलं पाहिजे, हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्या म्हशीपाशी मी बराच वेळ उभा होतो. आपल्या खारेपाटात म्हशी काय कमी पाहिल्या? तरी म्हशीच्या पाठीला माकडहाडाजवळ असा उंचवटा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कातडं असं खाली उतरतं, हे मी सत्तरी ओलांडल्यावर त्या सिमेंटच्या म्हशीमुळे पाहिलं. परतताना पोयनाडच्या पुढे रस्त्यात खरी म्हैस आडवी आली, तर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मी तिची पाठ बघतोय. लंडन पाहून आलेल्या माणसाने गावच्या म्हशीकडे एवढं निरखून पाहिलं, कारण त्याला ती क्षुल्लक वाटत नव्हती. आम्हाला मात्र चित्रात काढण्याजोगं म्हणजे काश्मीरचे डोंगर.

उतारवयात सरकारनेही त्यांची दखल घेतली. १९६४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जून १९६७ रोजी ते गेले. पाऊस नुकता सुरू होण्याचे, गावोगावी गणपतीच्या कामाला वेग येण्याचे ते दिवस.

आपण बरेच जण नोकरीनिमित्त बाहेरगावाहून इथे आलो. कुणी घाटावरचे, कुणी विदर्भातले, काही तर परप्रांतातले. २५ वर्षं झाली तरी आपल्या बोलण्यात गाव म्हणजे ते मागे राहिलेलं गाव. इथे काय आहे, चिखल, मच्छर आणि हायवेची रडकथा, हे वाक्य आपल्या प्रत्येक वार्षिक सभेत कुणी ना कुणी बोलतंच. मीही बोललेलो आहे. मुलं ते ऐकतात. मग त्यांनी खाडी का काढावी? जिताड्याचं तळं, मिठागरातले पांढरे ढीग, थंडीत शेतावर लावलेली पोपटी, हे सगळं चित्रात घेण्याच्या लायकीचं आहे हे त्यांना आमच्याकडून कधी कळलंच नाही. त्या मुलीला शून्य गुण देताना माझ्या हे लक्षात यायला हवं होतं.

गेल्या जानेवारीत आम्ही चार कुटुंबं एक गाडी करून सासवण्याला गेलो. तिलाही तिच्या आई-वडिलांसोबत यायचा आग्रह केला होता. ती आली. स्पर्धेचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. दारातल्या कुत्र्यापाशी एक लहानगा घाबरून आईला बिलगला, त्याची सगळ्यांनी थट्टा केली. ही मुलगी मात्र म्हशीपाशी गेली, वाकून तिच्या डोक्याकडे बघत राहिली आणि मला विचारलं की आजोबा, शिंगं आधी केली असतील की नंतर लावली असतील. मला ते सांगता आलं नाही. तिथल्या माणसाला विचारेपर्यंत मुलं समुद्राकडे पळाली होती.

दिवाळीनंतर पुन्हा एक गाडी काढायचा विचार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपली नावं चिटणिसांकडे द्यावीत. सोबत मुलांसाठी कागद आणि पेन्सिली घ्याव्यात. खाऊ आम्ही घेऊ.